टीव्हीचं बटण आणि आजोबांची नजर

बाळांनो, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बोलताना आजोबा शेजारीच बसलेले असतात, आणि काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलणं मला बरं वाटत नाही. आता तुम्ही दोघंही मराठी वाचायला लागला आहात, म्हणून आजच लिहायला बसले.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्यातल्या धाकट्याने डोकं पूर्ण भादरून घेतलं होतं. त्या रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आजोबा मोबाइल डोळ्यांशी धरून म्हणाले, "केस लई छान वाढलेत रे तुझे." तुम्ही दोघं हसलात. तुम्हाला वाटलं, आजोबा चेष्टा करताहेत. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मी विचारलं, "अहो, तो दिसला का तुम्हाला?"

"आवाज आला ना," ते म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही लातूर गाठलं. माझं माहेर तिथलं, आणि डोळ्यांचे डॉक्टर माझ्या भावाच्या ओळखीचे. त्यांनी तपासून सरळ सांगितलं: उजव्या डोळ्याची मधली नजर गेली आहे, ती परत येणार नाही. डावाही बिघडू लागलाय, तो इंजेक्शनं घेऊन सांभाळायचा. तो किती दिवस टिकेल हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. नांदेडला घरी परतताना आजोबा खिडकीशी बसले होते. अहमदपूर मागे पडल्यावर म्हणाले, "मोबाइलवर पोरांची तोंडं म्हणजे नुसता ढग दिसून राहिलाय मला. लई दिवस झाले."

हे मी तुमच्या बाबाला कळवलं. त्याने लगेच एक छोटी डबी पाठवली. ती टीव्हीच्या मागे खोचायची, घरच्या वायफायला जोडायची, की मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर मोठं दिसतं. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, अक्षर मुंगीएवढं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. दोनदा वाचून सगळ्या पायऱ्या क्रमाने वहीत उतरवून काढल्या. पासवर्ड रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर शोधून घालावा लागतो. तिसऱ्या खेपेला तो बरोबर पडला. मग काळ्या पडद्यावर एक बारीक रेघ आली, आणि तिच्याखाली इंग्रजीत ओळ: अपडेट होत आहे, बंद करू नका. तीही मी वहीत लिहिली आणि स्वयंपाकाला गेले.

थोड्या वेळाने येऊन बघते तर टीव्ही बंद. चालू केला, तर रेघ पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, लाईट जाऊन येत असेल, नाहीतर वस्तूच खराब आली असेल. आजोबांना म्हटलं, परत पाठवून देते.

"राहू दे," ते म्हणाले. "आवाज येतोच की."

ते मला फार लागलं.

चौथ्या दिवशी अर्धापूरहून तुमची आत्याआजी आली, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. हातात केळीची फणी होती. मी डबी खोक्यात भरत होते.

"वैनी, काय करून राहिल्या?"

मी सगळं सांगितलं. तिला दाखवायला म्हणून डबी पुन्हा लावली, रेघ सुरू झाली, आणि आम्ही दोघी चहाला आत गेलो. आत्याआजी स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसली होती, तिथून टीव्ही दिसतो. चहाला उकळी यायच्या आत तिने बाहेर हाक दिली, "दादा, बटन का बंद केलास?"

"कुणी बघत न्हाई म्हणून. तुझ्या वैनीचा कायदा हाय."

कायदा माझाच होता. पूर्वी एकदा लाईट जाऊन आली ती इतक्या जोरात आली, की आमचा जुना टीव्ही जळाला. तेव्हापासून बघणारं कुणी नसेल तर भिंतीवरचं बटण बंद करायचं, असं मी घरात ठरवून दिलं होतं. आजोबांनी ते एकदाही मोडलं नव्हतं. बटण बंद असायचीच मला इतकी सवय, की रोज ते चालू करतानाही काही खटकलं नव्हतं.

"अहो, पण पडद्यावर रेघ होती ना," मी म्हटलं.

"मला काळाच दिसला."

आत्याआजीची केळीची बाग आहे. ती म्हणाली, "मोटर चालू केली की पाणी शेवटच्या केळीपर्यंत जाऊ द्यावं लागतंय. तुमी रोज मधीच बंद करून राहिलात, अन् वर डबीला नावं ठेवता." मग माझ्याकडे वळली. "बंद करू नका असं लिवलंय म्हणता. दादाला वाचून दाखवलं का?"

"नाही."

"मंग एवढं इंग्रजी कुणासाठी शिकल्या, वैनी?"

आजोबा हसले. मला हसू आलं नाही. ज्याला अक्षर दिसत नाही त्याच्या घरात मी गेले कित्येक महिने सगळं मनातल्या मनात वाचत होते: पेपर, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका. त्या दिवसापासून मी मोठ्याने वाचते. दुकानाच्या पाट्यासुद्धा. कधीकधी ते म्हणतात, "पुरे गं."

आत्याआजी खुर्ची ओढून बटणासमोर राखण करत बसली. रेघ शेवटपर्यंत गेली. पुढची प्रत्येक ओळ मी मराठीत सांगितली आणि रिमोट आजोबांच्या हातात दिला.

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा आजोबांनी स्टूल टीव्हीच्या अगदी जवळ ओढलं. मान थोडी वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. इतका वेळ, की तुम्ही "हॅलो, हॅलो" करायला लागलात. मग त्यांनी विचारलं, "पुढचा दात कधी पडला रे?"

धाकट्याने तोंड उघडून कॅमेऱ्याजवळ आणलं. दात आदल्याच दिवशी पडला होता. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"अन् ताई वाळली," ते म्हणाले. "जेवत न्हाई वाटतं."

ताई चिडली. ती चिडलेलीही त्यांना दिसली.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा लातूरला जाऊन आलो. डाव्या डोळ्याची नजर आहे तेवढी आहे, कमी झालेली नाही. टीव्हीवर त्यांना तुमचे चेहरे दिसतात.