आवाजाची रेघ

दुष्काळाच्या साली आमच्या माळावरची विमानाची धावपट्टी वाढवायचं ठरलं, आणि आवाज किती होईल ते सांगायला एक इंजिनिअर नकाशा घेऊन गावात आला. तोवर तिथं कधीमधी एखादं लहान विमान उतरायचं. पोरं बघायला पळायची, म्हशी माना वळवायच्या, संपलं. आता मोठी विमानं येणार होती, तीही रोज.

इंजिनिअर तरुण होता. चावडीपुढं त्याने नकाशा पसरला आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. धावपट्टीच्या भोवती दुधी भोपळ्यासारखी एक लांबट रेघ काढलेली. "या रेघेच्या आत आवाजाचा त्रास जास्त होईल, असा अंदाज आहे," तो म्हणाला. गावातल्या सुनांमध्ये सातवी पास मी एकटीच, म्हणून सासऱ्यांनी मला पुढं बसवलं होतं. मामंजी म्हणायचे मी त्यांना. मी विचारलं, अंदाज काढला कसा? त्याने सांगितलं, दिवसभरातल्या सगळ्या विमानांचा आवाज एकत्र धरायचा आणि सगळ्या दिवसावर वाटून द्यायचा. मला हसू आवरेना. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा डोक्यात मुसळ घालायचं आणि ते दिवसभरात वाटून द्यायचं, म्हणजे मग ते गोंजारणंच की! तसं मी बोललेही. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, तो बिचारा लाल झाला. पण माणूस खोटा नव्हता. आवाज रेघेवर थांबत नाही, बाहेर थोडा कमी होतो एवढंच, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं.

ऐकलं सगळ्यांनी, पटलं कुणालाच नाही. आमची निम्मी वस्ती धरणात गाव गेलेल्यांची. राहुरीकडच्या त्या जुन्या गावात मी सून म्हणून कधी गेले नाही, पण गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथं उभी होते असं वाटतं. धरणाची माणसं आली, धोंड्यांना चुना लावला आणि म्हणाली, पाणी इथवर येईल. पाणी बरोबर तिथवरच आलं. आमचं घर चुन्याच्या हातभर खाली, ते बुडालं. शेजाऱ्याचा उंबरा हातभर वर, तो त्याच उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत राहिला. सरकारचं बाकी काही खरं नसेल, पण रेघ खरी असते, हे तेव्हापासून मामंजींच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि काळजी त्यांना स्वतःची नव्हती, आत्याबाईंची होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गाव उठलं त्या दिवशी सामान न्यायला ट्रक आले, आणि या चुलीपुढून उठेनात. शेवटी धरून ट्रकमध्ये बसवावं लागलं. त्यानंतर कुठं घरघर ऐकली की त्यांचं भान जायचं. भांडी लुगड्यात बांधायच्या आणि "गाडी आली, चला" म्हणत दाराशी जाऊन बसायच्या. नव्या वस्तीवर मात्र टेम्पोही फिरकत नसे, आणि लहान विमानाची भुणभुण त्यांना घरघर वाटत नसे. तिथल्या शांततेत त्या हळूहळू सावरल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या वाकड्या भाकरीला नावं ठेवण्याइतक्या बऱ्या झाल्या होत्या. मी धुमसायचे आणि मामंजी गालातल्या गालात हसायचे. बायको टोमणे मारायला लागली याचा एवढा आनंद झालेला दुसरा नवरा मी पाहिलेला नाही.

नकाशावरची रेघ जमिनीवर दाखवा, असा मामंजींनी इंजिनिअरच्या मागं लकडा लावला. शेवटी त्याच्या माणसांनी आमच्या रानात काही धोंड्यांना चुना लावून दिला. घर आत पडलं. रानाचा एक खडकाळ कोपरा तेवढा बाहेर राहिला.

"ठरलं. हितनं उठायचं, त्या कोपऱ्यात घर घालायचं," मामंजी म्हणाले.

"मामंजी, रेघंवर आवाज थांबत न्हाई म्हनला की त्यो."

"पानीबी लाटा मारतंच की चुन्यापतुर. पर उंबरा वलांडत न्हाई."

मी घमेलं घेऊन माती उकरायला गेले.

त्या साली प्यायला पाणी नव्हतं, तर भिंतीच्या चिखलाला कुठून येणार? आम्ही भांडी राखेने कोरडी पुसायला लागलो आणि वाचलेलं पाणी मातीत ओतलं. दिवसा दुष्काळी कामावर जायचं, आणि ते काम तरी कुठलं, तर धावपट्टीसाठी खडी फोडायचं. संध्याकाळी कामावर वाटलेली सुकडी खाऊन भिंत उचलायला लागायचं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात. आमचा धोंडा आम्ही फोडून, घमेल्यात भरूनही दिला. जुन्या घराचे पत्रे, दार, तुळई, सगळं मामंजींनी ओढून नेलं. त्यांच्या खांद्याची साल निघाली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. आत्याबाईंनी नव्या घरात स्वतः चूल घातली आणि मला बाजूला सारून पहिली भाकरी थापली.

धावपट्टी पुरी होऊन पहिलं मोठं विमान आलं तेव्हा आत्याबाई अंगणात रेशनची मिलो ज्वारी निवडत होत्या. आधी जमिनीतून घरघर आली, मग पत्रे थरथरले, मग दुसरं काही ऐकूच येईना. आवाज ओसरला तेव्हा सूप उपडं पडलेलं होतं आणि आत्याबाई घरात भांडी गोळा करत होत्या. मामंजींनी त्यांचे खांदे धरले. "अगं, आपन रेघंच्या भाईर हाय. भाईर हाय आपन," असं ते परत परत सांगत होते. मला त्यांच्याकडं बघवेना. रागावावं तर कुणावर? इंजिनिअरने खरं तेच सांगितलं होतं.

मग ते रोजचंच झालं. काही दिवसांनी इंजिनिअर आवाज मोजायची पेटी घेऊन आला. रेघेच्या बाहेरचं पहिलं घर आमचं, म्हणून पेटी आमच्याच अंगणात मांडली. विमान गेलं, काटा हलला, त्याने आकडा लिहून घेतला आणि खुशीत म्हणाला, "अंदाज अगदी बरोबर आला बघा." मग त्याचं लक्ष दाराकडं गेलं. आत्याबाई आत तांब्या, परात, डेचकी लुगड्यात बांधत होत्या.

मामंजी त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "सायेब, हिला कुटवर न्यायची, तेवडं सांगा. आमी परत उठू."

त्याने नकाशा उघडला, बराच वेळ बघितला आणि मिटला. "मला नाही सांगता येत, बाबा," तो म्हणाला. पेटी उचलून तो निघून गेला. मामंजी होते तिथंच खाली बसले.

मी आत जाऊन आत्याबाईंच्या हातातली परात सोडवायला लागले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"गाडी गेली का गं?"

"गेली, आत्याबाई."

"मग आपन ऱ्हायलो की मागं," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.