घाला नळी

गल्लीत तिला सगळे शिलाईवाली म्हणत. तिच्या हातचं फिटिंग हवं म्हणून बायका लांबून यायच्या. नवरा वेल्डर, हाताचा जड. तो मारायला लागला की शेजारी आपापल्या खिडक्या ओढून घ्यायचे.

त्या सकाळी शर्टाच्या बटणावरून त्याने तिच्या झिंज्या धरल्या आणि तोंड शिलाई मशीनवर आपटलं. ओठ फाटला. पुन्हा आपटायला गेला, पण हातातली पकडच सुटली. घामाने निथळत, छाती धरून तो मटकन खाली बसला. ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग धावत जाऊन शेजाऱ्याची गाडी आणली.

हॉस्पिटलात कळलं, हृदयाची मुख्य रक्तवाहिनी बंद पडली होती. ताबडतोब अँजिओप्लास्टी करून ती उघडायची, तर फुप्फुसांत पाणी भरत चाललेलं. त्याने ऑक्सिजनचा मास्क ओरबाडून काढला, वॉर्डातल्या ब्रदरच्या पोटात लाथ घातली, सलाइनची सुई उपटली. चादरभर रक्त उडालं. तोंडाला गुलाबी फेस आला. चौघांनी दाबून धरला तरी आवरेना.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "घशात नळी घालून मशीनवर श्वास द्यावा लागेल. नाहीतर वाहिनी उघडेपर्यंत ते टिकणार नाहीत. पण मशीन लागलेले बरेच जण परत येत नाहीत, हेही सांगून ठेवते."

दीर भिंतीला टेकून रडत होता. 'नको' हा शब्द अगदी आपल्या जिभेवर आला होता, असं तिने पुढे बहिणीला सांगितलं.

"घाला नळी," ती म्हणाली.

वाहिनी उघडताना हृदय एकदा थांबलं. छाती दाबून दाबून ते चालू केलं, त्यात दोन बरगड्या मोडल्या. मग काही दिवस मशीनच त्याला श्वास देत होतं. नळी उपटू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. ती रोज जवळ बसायची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसून तिचं अंग आखडत नव्हतं.

नळी निघाली. घोगऱ्या आवाजात तो पहिलं वाक्य बोलला, "कुठे मेली होतीस?"

तिने त्याला चमच्याने पाणी पाजलं. बाहेर येऊन दिराला औषधं समजावली आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्याकडून होतं ते मी केलं. आता तुमचा भाऊ तुम्ही सांभाळा." दीर हातापाया पडला, पण ती थांबली नाही. घरून शिलाई मशीन उचलून बहिणीकडे राहायला गेली.

वेल्डर जगला. एकदा धापा टाकत बहिणीच्या दारात आला, शिव्या दिल्या, हात उगारला. तिने मनगट धरलं. त्यात पूर्वीचा जोर उरला नव्हता. त्याला पायरीखाली ढकलून तिने दार लावलं, आणि अर्धवट कापलेलं कापड पुढे ओढलं.