बाळांना न्हाऊ घालणाऱ्या हफीजाखाला

सौदीतल्या जुबैलच्या जुन्या वस्तीत माझा मुलगा सिद्धार्थ राहतो, आणि सध्या मीही त्याच्याकडेच असतो. त्या इमारतीला लिफ्ट नाही, पाणी टँकरने येतं आणि घराघरांतले पुरुष कारखान्यांच्या पाळ्यांवर असतात. तळमजल्यावर हफीजाखाला आणि त्यांचे यजमान हुसेनमियाँ राहतात. हुसेनमियाँ कंपनीची बस चालवतात. खाला, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, दापोलीकडच्या. इमारतीत आलेलं जवळजवळ प्रत्येक तान्हं बाळ त्यांनीच पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय. बाळंतिणींच्या आयांना इथे येता येत नाही. व्हिसा, तिकीट, काहीतरी अडतंच. कुणी खालांना काही देऊ केलं तर म्हणतात, "मासळी आणाल तेव्हा एक तुकडा पाठवा."

या ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या उमामाला मुलगी झाली, अरवा. नेमक्या तेव्हाच खाला जिन्यात पडल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. उमामा इथे नवीन, घाबरट. इस्पितळातून आल्यापासून ती बाळाला नुसती पुसत होती.

आमच्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच पोकळीत उघडतात, त्यामुळे कुणाचं काही लपत नाही. एका सकाळी वरून खालांचा आवाज आला.

"बस पाटावर. पाय लांब कर."

"खाला, हातातून निसटली तर?"

"पायांवर घ्यायची. काचेची आहे का ती?"

मग नळ सुटला आणि उमामा किंचाळली. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढत होतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. उमामाने गावच्या सवयीने बाळासाठी गीझर लावला होता. आता दोन्ही नळांना चटका.

"शाबास," खाला म्हणाल्या. "पोरीला काय उकडायचं?"

उमामा रडू लागली. "मला नाही जमायचं. तुमचा हात बरा झाला की बघू."

"तोवर पोर शाळेत जाईल." मग खिडकीतून हाक आली, "गार पाणी आहे का कुणाकडे?"

माझ्या आंघोळीची बादली गार व्हायला एसीखाली भरून ठेवलेली असते. खिडकीतून ओरडून ओ देणं मला जमत नाही. बादली उचलली आणि जिना चढलो.

"नाना, तुमची आंघोळ?" खालांनी दारातच विचारलं.

"उद्या करीन."

"ऐकलंस, उमामा? नाना पारोसे राहणार. यल्ला, चल, ऊठ, रड नंतर."

उतरताना शेजारच्या सुधाबाई भेटल्या, हातात गार पाण्याचं पातेलं घेऊन वर निघालेल्या.

खाली येऊन बसलो. पोकळीतून अरवाचा टाहो, "मान धर, हां, अशी," आणि मग नुसतं पाणी. रडणं कधी थांबलं ते कळलं नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी खाला बाह्या सरसावून वर गेल्या. थोड्या वेळाने जिन्यात भेटल्या.

"बघा नाना, उमामा मला म्हणते, खाला, तुम्ही बसा, माझं होत आलंय."

तक्रार होती, पण चेहरा तसा नव्हता.

"मग?"

"मग काय. बसले. चहा बरा करते."