ओटीतला तांब्या

बहात्तरच्या दुष्काळात, दिवाळीच्या तोंडावर आम्ही नवरा-बायकोनं गाव सोडलं. फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात आईबरोबर माहेरच्या शेजारची सोनाकाकू पितळी तांब्या घेऊन आली. विहिरीनं तळ गाठलेला, घागरभर पाण्यासाठी बायका तासन्‌तास बसायच्या, आणि हिने आपल्या वाटचं पाणी माझ्यासाठी आणलं होतं. मी दोन घोट घेतले आणि तांब्या परत दिला. आई एवढंच म्हणाली, "येत जा. माहेराला लेक जड न्हाई हुत." ते बोलणं मी श्रीरामपूरपर्यंत उराशी धरून नेलं.

ह्यांना साखर कारखान्यात काम लागलं होतं, पण हंगामी. गाळप संपलं की पगार बंद, आणि पगार बंद म्हणजे पुन्हा गावाकडं, दुष्काळी कामावर खडी फोडायला. शेजारी मार्थाबाई राहायच्या, मिशनच्या शाळेत शिकवायच्या. एखाद्या रविवारी दुपारी त्या ओळखीच्या बायकांना घरी बोलवायच्या, चहा करायच्या आणि खाटेवर धुतलेली चादर टाकून स्टीलची भांडी मांडायच्या. पितळेची मोड द्या, स्टील घ्या. दुकानदार त्यांना कमिशन द्यायचा. मला म्हणाल्या, "तुम्हाला बोलता येतं. तुम्ही का करत नाही?" सासरी ज्या तोंडापायी मी बोलणी खाल्ली, त्याची कुणीतरी पहिल्यांदाच तारीफ केली होती. तरी माझं मन होईना. ओळखीच्या माणसाला वस्तू विकायची म्हणजे ओळखच खाटेवर मांडायची, असं काहीतरी वाटायचं. हे म्हणाले, तुझं तू ठरव. शेवटी ठरवलं, एकदा माहेरी करून बघू. जमलं तर हो म्हणायचं.

फाल्गुनात पोतंभर स्टील घेऊन आईच्या घरी गेले. संध्याकाळी बायका खडीच्या कामावरून तशाच आल्या, पापण्यांवर पांढरी धूळ. मी मार्थाबाईंसारखी चादर अंथरली, वाट्या रचल्या, घोकलेलं सगळं धडाधड बोलले. कल्हई नको, चिंचेनं घासणं नको. त्या ऐकून घेत होत्या. मग एकेक जण घरी जाऊन पितळ घेऊन आली. हंडे, परात, समया. "भराया पानीच न्हाई, हंडा काय पुजायचाय?" असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, काय खपतोय माझा माल!

सोनाकाकू शेवटी आली. तिने तांब्या माझ्या पदरात ठेवला, त्यावर चार तांदूळ टाकले आणि बदल्यात सगळ्यांत लहान वाटी उचलली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ह्यांतल्या कुणीही भांडी घ्यायला आली नव्हती. गावाची लेक दारात आली, तिला रिकामी कशी पाठवायची, म्हणून घरातलं उरलंसुरलं काढून त्या माझी ओटी भरत होत्या. आणि मी ते तराजूत टाकत होते.

नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पोतं श्रीरामपूरला आलं, मोड दुकानदाराकडं गेली. एसटीत सगळ्या वाटेनं ती भांडी एकमेकांवर आपटत होती आणि प्रत्येकावर घातलेलं बाईचं नाव मला पाठ होतं. तांब्या तेवढा मी काढून ठेवला. मार्थाबाईंना सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. त्याऐवजी मी शिवणाचं मशीन चालवायला शिकले.

वैशाखात तांब्या परत द्यायला गेले. काकू वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यानं पाणी पीत होती. माझी वाटी फळीवर होती, कागदात गुंडाळलेली तशीच. मी तांब्या पुढे केला, तर ती उठलीसुद्धा नाही.

"वटीत घातल्यालं कुनी माघारी घेतं व्हय?"

मग वाटी तरी वापर, असं मी म्हटलं.

"ती तुज्या लेकराच्या बारशाला ठिवलीय."

आषाढात काकू गेली. पुढच्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं बारसं झालं, तेव्हा आई ती वाटी घेऊन आली. कागद तोच होता.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि माझ्यासारखे जे निघून आलात, त्या तुम्हा सगळ्यांना मला हे कधीचं सांगायचं होतं. माझं बरं चाललं आहे. घर झालं, नातवंडं झाली. पण दुपारी घर निवांत असलं की कधीकधी उंबऱ्याशी कुणीतरी उभं आहे असं वाटतं, पापण्यांवर धूळ घेऊन. ती काही मागत नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं. मी मान वर करत नाही, तांब्या भरून दाराशी ठेवते.

माहेर कुठलं, असं कुणी विचारलं की गावाचं नाव सांगते. पण खरं सांगायचं तर माहेर माझ्या फळीवर आहे. तांब्याही माझ्याकडं आणि वाटीही माझ्याकडंच. काकूच्या घरात मी काहीच ठेवलं नाही.