चिंच डाव्या हाताला

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. हिंजवडीत मला पगार मिळतो तो दुसऱ्याच्या कामावर विश्वास न ठेवण्याचा. ही खोड ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेवढं जमत नाही. कुणीही जरा गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्यामुळे एका सकाळी चहा ओतता ओतता आई म्हणाली, "प्रभूनं मला स्वप्न दिलं," तेव्हा मी आधी गॅस बंद आहे का ते पाहिलं.

तो चालूच होता.

आईने नगरकडे मिशनच्या दवाखान्यात अडतीस वर्षं नर्सचं काम केलं. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडे, नांदे गावातल्या या भाड्याच्या खोल्यांत घेऊन आले. ती खिडकीत बसून समोरच्या शेतात उभ्या राहणाऱ्या इमारतींचे मजले बघायची. "इथं माझं काय काम गं?" असं तिने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मग विसरणं सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा, नळ चालूच, आज वार कोणता हा प्रश्न तासाभरात पुन्हा. मी ते सगळं गुपचूप मोबाइलमध्ये टिपून ठेवत होते. गच्चीवर जाऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे फोनवर चौकशीही केली होती. आईचं डोकं तिला सोडून चाललंय का, एवढाच प्रश्न होता आणि मला त्याची भयंकर भीती वाटत होती.

"काय दिसलं स्वप्नात?" मी विचारलं.

"पायांना गार पाणी लागत होतं. तीन दगडी पायऱ्या. डाव्या हाताला चिंच. पायरीवर एक बाई बसलेली. आणि आवाज आला, इथं तुझं काम आहे."

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," मी म्हटलं.

"मनात कुणी वसवलं, तेही विचार की."

मी मला येतं तेच केलं. आठवडाभर, कधी स्वयंपाक करताना, कधी टीव्हीसमोर, तिला स्वप्न पुन्हा सांगायला लावलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. त्याने माझी शंका कमी होण्याऐवजी वाढली. इतकं पाठ असलेलं काहीही मला खरं वाटत नाही. रविवारी तिने चर्चच्या उपासनेत उभं राहून साक्ष दिली. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू दार उघडतोय, आजी." यांना मुलांच्या वर्गाला फुकटची शिक्षिका हवी असणार, असं माझ्या मनात आलं. बिचाऱ्यांनी तसं कधी सुचवलंही नव्हतं.

पण सर्वांत संशयास्पद होता तो तिचा आनंद. तिने ट्रंकेतून मलमपट्टीचा जुना डबा काढला, कात्री उकळून ठेवली, गुणगुणायला लागली. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

घरमालकीण मावशींना मात्र यातलं काही कळू नये, असं मला वाटत होतं. खोल्या देतानाच त्यांनी विचारलं होतं, "तुमची ती गानी लई मोठ्यानं न्हाईत ना?" तेव्हापासून आम्ही स्तोत्रंसुद्धा दबक्या आवाजात म्हणायचो. आईने सरळ जाऊन त्यांना स्वप्न सांगितलं. मावशींनी हात जोडून कपाळाला लावले.

"देवानं दृष्टांत दिला म्हना की! पहाटंचा व्हता का? मग खराच. अवं, माज्या म्हायेरी, रिह्याला, वढ्यावर हाय तसलीच जागा. तीन पायऱ्या हायेत. चिंच बी हाय."

ख्रिस्ती मी, आणि विश्वास बसला तो त्यांचा.

मला मात्र त्यात सोय दिसली. आईला तिथे न्यायचं. बिघडत चाललेलं डोकं समोर येईल ते पकडतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. जागा बघताच ती "हीच, हीच" म्हणाली, की आपण डॉक्टरांकडे जायला मोकळ्या. आपल्याच आईला सापळा लावताना मला लाज वाटली, पण मी तो लावला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मावशींना गाडीत घेऊन आम्ही रिहे गावात गेलो. भात कापून झालं होतं. ओढ्याला अजून पाणी होतं. आई वरच्या पायरीवर उभी राहिली, पाण्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं.

"ही जागा नव्हे," ती म्हणाली. "चिंच उजव्या हाताला आहे."

मग माझ्याकडे वळून, "मुद्दाम आणलंस ना मला?"

मी मान खाली घातली. पण आतून इतकं हलकं वाटलं की मला रडूच आलं. भ्रमातल्या माणसाने डावं-उजवं सोडून दिलं असतं.

खालच्या पायरीवर मावशींची भावजय बसली होती, एका पायाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून. जखम चिघळलीय, हे आईने नाकानेच ओळखलं. शेजारी बसून तिने चिंधी सोडली. टाचेला खोल जखम होती, वर हळद थापलेली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदी खडा लागला, बाई."

"दुखतं?"

"न्हाई वं. दुकत न्हाई म्हनून तर तसंच ऱ्हायलं."

ते ऐकून आईचा चेहरा बदलला. "साखर आहे ना तुम्हाला? त्यानंच पाय बधिर झालाय," ती म्हणाली आणि मावशींना दरडावलं, "उद्या सकाळी दवाखान्यात न्या. पाय जाईल यांचा. पुढची पट्टी मी करीन."

परतताना मी म्हटलं, "पण ती जागा नव्हे म्हणालीस."

"नव्हेच. सापडेल तेव्हा सापडेल. तोवर काय हात बांधून बसू?"

तेव्हापासून दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या पट्ट्यांपैकी बुधवारची आई करते. बुधवारी मी घरून काम करते, म्हणून दुपारी मीच तिला रिहे गावात सोडते. मीठ अजूनही कधीकधी दोनदा पडतं. तेही मी टिपते.

मागच्या बुधवारी पट्टी झाल्यावर भावजय पायरीवरच बसून राहिली, आणि आई साबण घेऊन हात धुवायला ओढ्यात उतरली. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून ती माझ्याकडे वळली. मी वर काठावर होते. आमच्या मध्ये तीन पायऱ्या. आणि तिच्या डाव्या हाताला चिंच.

पायांना गार पाणी लागत होतं, हे ती दरवेळी सगळ्यात आधी सांगायची. मी शब्दन् शब्द तपासला होता. सांगणारी उभी कुठे आहे, हे तेवढं विचारायचं राहिलं.

"आई," मी म्हटलं.

"त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेशील ना, ती बुधवार सोडून घे," ती म्हणाली. "बुधवारी पट्टी असते."

डॉक्टरांबद्दल मी तिला कधीच काही बोलले नव्हते. चिंचेचंही मग बोलले नाही. ती पायऱ्या चढून वर आली आणि ओला तळहात क्षणभर चिंचेच्या खोडावर टेकवून उभी राहिली. चप्पल घालायला आधार लागला असेल, असं मी तेव्हा धरून चालले. आता मला त्याचीही शंका येते.