भरलेल्या लॉरीचे स्टिअरिंग

होसकोट्याच्या रस्त्यावरचा तो दसऱ्याचा अपघात माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, माणसांचा वैतागही पुष्कळ आला. पण हे प्रकरण आठवले की आधी कृतज्ञताच वाटते.

पन्नासच्या दशकाचा शेवट होता. बंगळूरच्या पूर्वेकडील एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळी दगडी फरशा भरलेली लॉरी उतारावरून येत होती. समोर बैलगाडी आली म्हणून चालकाने ब्रेक दाबला आणि लॉरी सरळ रस्ता ओलांडून उजवीकडे गेली. तिकडे मोरीच्या कठड्याशी एक शेतकरी सायकल धरून उभा होता. त्याचा पाय कठडा आणि बंपर यांच्यामध्ये चिरडला. चालकाने त्याला दुसऱ्या गाडीत घालून इस्पितळात पोहोचवले आणि तो स्वतःच ठाण्यात हजर झाला.

चालक निपाणीकडचा, तरुण, नवरात्राला गावी जाऊन आदल्या रात्रीच परतलेला. त्याचे एकच म्हणणे होते.

"साहेब, म्या इस्टेरिंग डावीकडं वडत हुतो. गाडीच ऐकंना झाली."

आमचे हवालदार हसले. ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक चालकाची गाडी त्याचे ऐकत नसते. निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवून मी त्याला कोठडीत घातले. गुन्हा शाबित झाला असता तर त्याला तुरुंगवास होता आणि लायसनही जाणार होते. गावाकडचे अख्खे घर त्याच्या त्या लायसनवर जेवत होते.

शेतकऱ्याचा जबाब घ्यायला मी इस्पितळात गेलो, तेव्हा त्याचा पाय गुडघ्यावरून कापलेला होता. तो कन्नडमध्ये बोलला, ते मराठीत देतो.

"लारी माझ्या समोरूनच आली. काचेतून दिसत होतं. त्याचे हात त्या बाजूला फिरत होते आणि लारी ह्या बाजूला येत होती."

उशाशी बसलेला मेहुणा चिडला. "पाय गेला तुझा, आणि त्याची बाजू घेतोस?"

"पाय गेला. डोळे आहेत की," शेतकरी म्हणाला.

त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलली. लॉरी रिकामी करून ठाण्याच्या आवारात आणली होती. मोटार वाहन निरीक्षकांनी खाली झोपून स्टिअरिंगचा दांडा न् दांडा तपासला. सांधे घट्ट, पिना जागेवर, चाके हलकी वळत होती. दोष आढळला नाही, असा अहवाल त्यांनी दिला. मालकाने तर छातीठोक सांगितले, की वर्षभरात पुढच्या भागाला पाना लागलेला नाही.

तरी मी पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्याकडे लॉरीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, हळदकुंकू लावतात. कोणा भाविकाने पुढच्या आक्सललाही कुंकू लावले होते. ते एका नटावर आले होते, आणि त्या नटाचे कोपरे पान्याने ताजे चकाकत होते. चकाकीवर कुंकू होते. म्हणजे पाना पूजेच्या आधी, अगदी नुकताच लागला होता.

मी मालकाला बोलावले. "लॉरीची पूजा कुठे केलीत?"

"मिस्त्रीच्या शेडमध्ये."

"काम नव्हते, तर पूजेला लॉरी शेडमध्ये कशाला?"

मालकाने पाणी मागितले. अशा वेळी पाणी पिऊ द्यावे. तो पाणी पीत होता, तोवर मी उठून मिस्त्रींची शेड गाठली. मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले. आक्सल बदलला का, असे मी विचारलेच नाही. कधी बदलला, असे विचारले. मिस्त्रींनी पान्यावरचे हात काढले.

"पूजेच्या आदल्या दिवशी, अण्णा. जुना वाकला होता. हा दुसऱ्या जातीच्या लारीचा. ह्याचा आर्म, म्हणजे दांडा जोडायचा हात, स्वल्प खाली आहे, म्हणून दांडा तिरका बसला. रिकामी गाडी सरळ चालली. भरून बघायचं राहिलं. हत्यारं देवापुढं ठेवल्यावर पान्याला हात कसा लावायचा? मालकांना म्हटलं, मी बघीपर्यंत भरू नका. सरी, बरं, म्हणाले, आणि दसऱ्याच्या मुहूर्ताला भरून पाठवली."

त्याच दिवशी ठाण्याच्या बंदुकाही कुंकू लावून देवापुढे होत्या. हे बोलणे आपल्याही अंगाशी येईल, हे मिस्त्रींना ठाऊक होते. तरी त्यांनी जबाब दिला आणि सही केली.

पंचांसमक्ष मोकळ्या मैदानात लॉरीवर पुन्हा फरशा चढवल्या. निरीक्षक स्वतःच चालवायला बसले. त्यांनी स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक दाबला. ओझ्याने पुढच्या स्प्रिंगचे पाटे दबले, तिरक्या दांड्याने चाक ढकलले आणि लॉरी उजवीकडे वळली. ते उतरले आणि म्हणाले, "माझा अहवाल मी बदलतो." आपला कागद फिरवायला किती अधिकारी तयार होतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचे मी तिथेच आभार मानले.

मालकावर खटला झाला, मिस्त्रींना समज देण्यात आली, चालक सुटला. आरोपीची गोष्ट नेहमीची वाटली तरी ती एकदा ओझ्यासकट तपासून पाहावी, हे मी तिथे शिकलो आणि पुढे हाताखालच्यांना शिकवत राहिलो. पण तपास माझा असला तरी चालकाला सोडवले त्या शेतकऱ्याने. "मला दिसले नाही" एवढे म्हणाला असता, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती.

साक्ष देऊन तो कुबड्यांवर कोर्टाबाहेर आला, तेव्हा चालकाने त्याचा पाय धरला आणि सोडेना. शेतकरी अवघडला, कुबडी सावरत म्हणाला, "एकच उरलाय, तोही धरून बसलास तर मी घरी कसा जाऊ?"

चालकाने डोळे पुसले, त्याची पिशवी उचलली आणि त्याच्या कुबडीच्या चालीने चालत त्याला घरापर्यंत सोडून आला.