तात्पुरत्या फोल्डरमधला आवाज

मी यवतमाळला घरूनच काम करतो, रस्ट नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. या भाषेत प्रत्येक वस्तूला मालक एकच. प्रोग्रामच्या दुसऱ्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, ती उसनी द्यायची की देऊनच टाकायची, हे आधी ठरवावं लागतं. उसनी दिली तर परत येते. देऊन टाकली तर त्या फंक्शनचं काम संपताच वस्तूही संपते. नव्या पोरांना मी हे हसतखेळत शिकवतो. पुढचं मात्र कधी सांगितलं नाही.

भाऊजी ट्रकवर होते. पांढरकवड्याच्या ढाब्यावर थांबले की ताईला बोलून मेसेज पाठवायचे. ते वारल्यावर ताईनं ते मेसेज असलेलं मोबाइलचं मेमरी कार्ड माझ्या हातात दिलं. "खरखर तेवढी काढून दे, बाबू. अन् लवकर वापस आन, मले करमत नाई."

मेसेज मी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये हलवले. साफ करून परत भरायचे म्हणून कार्ड कोरं केलं. अशा फोल्डरचा मालक संपला की फोल्डर आपोआप पुसलं जातं, हे मला माहीत होतं. तरी खरखर काढणाऱ्या फंक्शनला मी ते देऊन टाकलं. चालवण्याआधी प्रोग्राम तपासणाऱ्या कम्पायलरनं अडवलं, की दिलेली वस्तू पुन्हा वापरतो आहेस. एका चिन्हानं ती उसनी झाली असती. मी वैतागून फोल्डरच्या पत्त्याची नक्कल आधीच काढून ठेवली आणि त्याची तक्रार बंद केली. प्रोग्राम चालला, फंक्शन संपलं आणि मेसेजसकट फोल्डर पुसलं गेलं. पत्ता हाती राहिला, त्या पत्त्यावर काहीच नव्हतं.

ताईला म्हणालो, कार्डच खराब निघालं.

"जाऊ दे, तू तरी काय करशीन," ती म्हणाली.

अजूनही कम्पायलर तीच चूक दाखवतो तेव्हा मी हेडफोन काढून ठेवतो. बंद हेडफोनमध्येही ट्रकचं इंजिन सुरू असतं.

मागच्या महिन्यात कळंबला ताईच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती वांगी चिरत होती. हात थांबला.

"म्हंजे कार्ड चांगलं होतं?"

"हो."

"मंग खोटं कायले बोलला रे?"

मी खाली पडलेली वांग्याची फोड उचलून ताटात ठेवली.

"एखादा तरी ऐकला होता का तू?"

"एकच. तपासाले."

"काय म्हनत होते?"

"अवं, जेवली का? माही वाट नको पाहू."

"पुन्हा म्हन."

म्हटलं. तिनं डोळे मिटून मान हलवली. "असं नाई. ते थांबत थांबत बोलत."

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "म्हन," एवढंच म्हणते. मी म्हणतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "नाई रे, असं नाई."